मुलांना सिजो शिकवताना: आधी वळण, मोजणी मागाहून

माशी तोंडात धरून एक गलेलठ्ठ बेडूक उकिरड्यावर चढून बसतो. समोरच्या डोंगराकडे नजर टाकतो, तर आभाळात पांढरा ससाणा! काळजात धस्स होतं. टुणकन उडी मारून पळायला जातो आणि उकिरड्याखाली उताणा पडतो. पडल्या पडल्या स्वतःशीच म्हणतो, ‘बरं झालं, मी चपळ म्हणून. नाहीतर चांगलाच मुका मार बसला असता!’

ही कोरियातली जुनी कविता आहे. कवी कोण ते कोणालाच माहीत नाही. मोठ्यांच्या वाचनात माशी म्हणजे गरीब रयत, बेडूक म्हणजे तिला गिळणारा गावपातळीवरचा अंमलदार आणि ससाणा म्हणजे त्याच्याही वरचा साहेब. मुलांना यातलं काही सांगायची गरज नाही. आपटल्यावरही फुशारकी मारणारा बेडूक त्यांना लगेच ओळखीचा वाटतो. कोरियन कवितेची ओळख करून द्यायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

या प्रकाराचं नाव सिजो. मराठी शाळांमधून शिरीष पै यांच्यामुळे रुजलेला जपानी हायकू बऱ्याच मुलांनी ऐकलेला असतो. ५-७-५ मोजायचं, निसर्ग आणायचा, झालं. सिजोही मोजणीचाच प्रकार आहे, म्हणून शिकवणारे फळ्यावर आकडे लिहून सुरुवात करतात आणि मुलं कवितेऐवजी बोटं मोजत बसतात. माझं म्हणणं असं की सिजोचा जीव त्याच्या तिसऱ्या ओळीत आहे. ती ओळ कशी वळते हे मुलांच्या कानात बसलं की मोजणी मागाहून आपोआप येते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत. त्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहेत, एका बैठकीला अर्धा-पाऊण तास धरून. लहान आणि मोठ्या मुलांसाठी काय बदलायचं ते नंतर येतंच.

शिकवणाऱ्याला आधी काय माहीत हवं

सिजो ३ ओळींचा. प्रत्येक ओळीत ४ तुकडे. एका ओळीत साधारण १४ ते १६ अक्षरं, एकूण ४४ ते ४६. ठोकळमानानं पहिल्या दोन ओळी ३-४-३(किंवा ४)-४ अशा आणि तिसरी ३-५-४-३. पहिली ओळ प्रसंग मांडते, दुसरी तो पुढे नेते आणि तिसरी वळते. बहुतेक ठिकाणी एखादं अक्षर कमीजास्त चालतं. खरा काटेकोरपणा तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आहे. तिथला पहिला तुकडा नेमका ३ अक्षरांचा आणि दुसरा किमान ५ चा. म्हणजे आखूड पाऊल, लगेच लांब ढांग. वळण तिथेच बसतं.

काळ सांगायचा तर गोर्यो राजवटीच्या शेवटच्या पर्वात, १४व्या शतकाच्या सुमाराला, हा प्रकार आकाराला आला आणि १३९२ ते १९१० या जोसॉन काळात बहरला. राजा सेजोंगनं हांगुल ही लिपी १४४३ मध्ये घडवली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. त्याआधीचे सिजो तोंडातोंडी टिकले आणि पुढे कागदावर उतरले. किम छॉन्थेक नावाच्या गायकानं १७२८ मध्ये ‘छॉन्गु यॉन्ऑन’ हा मोठा संग्रह केला. संग्रह करणारा गायक होता हे लक्षात ठेवा, कारण सिजो मुळात गाण्यासाठीच होता. बेडकाची कविता सासॉल सिजो या मोकळ्या पोटप्रकारातली. त्यात मधली ओळ ऐसपैस पसरते. पसाऱ्यात शिरून मुलं गोंधळतात, म्हणून ती ऐकवायची, पण लिहायला नेहमीचा तीन ओळींचा सिजोच घ्यायचा.

सामान फारसं लागत नाही. आशियाचा नकाशा, फळा आणि मुलांचे गुडघे. गुडघे कशाला, ते पुढच्याच पायरीत.

पहिली पायरी: कान

पहिल्या दिवशी अर्थ सांगू नका. नाम गुमान (१६२९ ते १७११) हा जोसॉन दरबारातला मोठा मंत्री, मुख्य मंत्रिपदापर्यंत पोचलेला. त्याचा हा सिजो कोरियात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. फळ्यावर असा लिहा:

दोंग्-छांग्-ई । बाल्-गान्-नु-न्या । नो-गो-जी-री । उ-जी-जिन्-दा
सो-छी-नुन् । आ-हे-नो-मुन् । सांग्-गी-आ-नी । इ-रॉन्-नु-न्या
जे-नॉ-मॉ । सा-रे-गिन्-बा-थुल् । ऑन्-जे-गाल्-ल्यॉ । हा-ना-नी

उच्चार देवनागरीत जेवढे बसतात तेवढे बसवले आहेत. जुन्या प्रतींत एखादं अक्षर इकडचं तिकडे आढळेल, त्याची चिंता नको. मुलांना मांडी घालून बसवा. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर गुडघ्यावर थाप. एका ओळीला ४ थापा, ३ ओळींना १२. सिजो गाताना जांगू नावाचा डमरूच्या आकाराचा मोठा ढोल साथीला असतो. तो नसला तर गायक गुडघ्यावरच ठेका धरतात, त्यामुळे आपला हा ठेका अगदीच घरचा जुगाड नाही.

आधी तुम्ही म्हणा, मग सगळे मिळून, मग एक ओळ एका गटाची. तिसऱ्या ओळीशी मुलं अडखळतील. ‘जे-नॉ-मॉ’ पटकन संपतं आणि ‘सा-रे-गिन्-बा-थुल्’ एका थापेत मावत नाही, जीभ पळवावी लागते. अडखळू द्या आणि विचारा, ‘इथे काय वेगळं झालं?’ आकडे न सांगताही मुलं सांगतात की दुसरा तुकडा मोठा आहे. त्या दिवसाचं काम एवढंच.

दुसरी पायरी: अर्थ, पण प्रश्नांतून

दुसऱ्या बैठकीत पुन्हा एकदा ठेका धरून म्हणा आणि मग अर्थ सांगा:

‘पूर्वेची खिडकी उजळली का? चंडोल किलबिलतायत.
गुरं राखणारा पोरगा अजून उठलाच नाही का?
टेकडीपलीकडचं लांबच लांब सऱ्यांचं शेत मग नांगरणार कधी?’

मग प्रश्न. कोण बोलतंय? तो स्वतः कुठे आहे, अंथरुणात की अंगणात? (बरीच मुलं म्हणतात अंथरुणात, कारण तो खिडकी उजळली का असं विचारतोय. मला हे उत्तर फार आवडतं. बोलणारा स्वतःही उठलेला नाही आणि पोराला बोलतोय!) पोरगा खरंच झोपलाय का? कवितेत तो एकदाही दिसत नाही. शेत किती लांब आहे हे कुठल्या शब्दावरून कळलं? मुलांना चित्र काढायला सांगा आणि एकच अट घाला: कवितेत नसलेली गोष्ट चित्रात नको. सूर्य काढणारी मुलं हमखास अडकतात. सूर्य कवितेत नाहीच, उजळलेली खिडकी आहे. वस्तू दाखवायची, नाव घ्यायचं नाही, ही युक्ती मुलांना व्याख्यानाशिवाय कळते.

नकाशा याच बैठकीत काढा. द्वीपकल्प कुठे आहे, थंडी किती पडते, शेजारी चीन आणि जपान कुठे आहेत, एवढं पुरे. कागदी पंखे आणि चेरीची फुलं यांनी वर्ग सजवायचा मोह आवरा. त्यातलं निम्मं जपानचं निघतं.

तिसरी पायरी: तिसरी ओळ झाका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. दोन ओळी सांगायच्या, तिसरी झाकायची आणि मुलांना अंदाज करायला लावायचं.

पहिला सिजो ऊ थाक याच्या नावावरचा. हा गोर्यो काळातला विद्वान, १३४२ मध्ये वारला. म्हणजे उपलब्ध सिजोंमधला हा फार जुना.

‘एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात काटेरी फांदी.
म्हातारपणाची वाट काट्यांनी अडवायची, पांढरे केस येताना दिसले की काठीनं हाकलायचे.’

आता पुढे काय? मुलं सांगतात: तो थकला. केस पळून गेले. त्याने केस काळे केले. सगळी उत्तरं फळ्यावर लिहा, एकालाही चूक म्हणू नका. मग ओळ उघडा:

‘पांढऱ्या केसांनी आधीच ओळखलं, ते जवळच्या आडवाटेनं आले.’

हशा होतो. हसू ओसरल्यावर विचारा, ‘दोन ओळींत हालचाल कोण करत होतं? तिसऱ्या ओळीत कोण करतंय?’ माणूस करत होता, आता केस करतात. वळण म्हणजे काय, हे तुम्हाला सांगावंच लागत नाही.

दुसरा सिजो यांग साऑन (१५१७ ते १५८४) याचा. थायसान हा चीनच्या शांतुंग प्रांतातला प्रसिद्ध पर्वत. ‘थायसान उंच खरा, पण आभाळाखालचाच एक डोंगर. चढत राहिलं, पुन्हा चढत राहिलं, तर चढता येणार नाही असं काही नाही.’ तिसरी ओळ: ‘माणसं स्वतः चढत नाहीत आणि डोंगरच उंच म्हणतात.’ मोठी माणसं मुलांसाठी सगळ्यात आधी हीच कविता निवडतात. कोरियातही ती फार लाडकी आहे. मी मात्र ती मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिलीच ठेवली तर मुलांना वाटतं की सिजो म्हणजे सुविचार, आणि मग त्यांच्या वहीत ‘प्रयत्नांती परमेश्वर’ छापाच्या ओळींचं पीक येतं. म्हाताऱ्याच्या केसांवर हसून झाल्यावर ती ऐकवली की मुलांना तिच्यातलाही खट्याळपणा ऐकू येतो. डोंगर तिथेच आहे, उंची आपल्या तोंडात आहे.

तिसरा युन सॉन्दो (१५८७ ते १६७१) याचा. राजकारणात अनेकदा हद्दपार झालेला हा माणूस पुढे दक्षिणेकडच्या पोगिल बेटावर रमला आणि तिथे १६५१ मध्ये कोळ्याच्या चार ऋतूंवर, ऋतूला १० अशी ४० गाणी त्याने लिहिली. मुलांसाठी मात्र त्याची ‘पाच मित्र’ ही मालिका घ्या. तिचा पहिला सिजो असा: ‘माझे मित्र किती म्हणाल तर पाणी, दगड, देवदार, बांबू. पूर्वेच्या टेकडीवर चंद्र उगवतो तेव्हा तर आनंद आणखीच. असू दे, या पाचांपलीकडे आणखी जोडून करायचं काय?’ इथे वळण हळू आहे, धक्का नाही. वळण म्हणजे दर वेळी विनोद असं नव्हे, हे मुलांना दिसायला हवं, म्हणून तिसरा नमुना असा निवडला.

चौथी पायरी: तोंडी सिजो

अजून वही उघडायची नाही. वर्गाला गोल बसवा. तुम्ही एक प्रसंग टाका: ‘डबा उघडला.’ एक मूल पहिली ओळ बोलतं, शेजारचं दुसरी, तिसरं वळवतं. अक्षरं मोजायची नाहीत, फक्त ४ थापांत ओळ बसवायची. ‘डबा उघडला, भेंडीची भाजी, काल पण भेंडी, परवा पण भेंडी’ अशी दुसरी ओळ आली तर टाळी द्या, कारण पुढे नेणं म्हणजे हेच. तिसऱ्या मुलाला एकच सूचना: पहिल्या दोघांनी ज्याच्याकडे पाहिलं नाही त्याच्याकडे बघ. भेंडीकडे सगळे पाहतायत. भाजी चिरणाऱ्या आईकडे? डब्याकडे आशेनं बघणाऱ्या मित्राकडे?

वळणाची ही सूचना मला सगळ्यात उपयोगी वाटते. ‘काहीतरी आश्चर्यकारक लिहा’ म्हटलं की मुलं भूत आणतात, नाहीतर ‘आणि मी जागा झालो’ म्हणतात. ‘दुसऱ्याकडे बघ’ म्हटलं की खरंच बघतात.

पाचवी पायरी: आता मोजा

मराठी मुलांचं इथे चांगलं नशीब आहे. हांगुलमध्ये एक चौकोनी खूण म्हणजे एक अक्षर, त्यामुळे कोरियन मूल सिजोची अक्षरं डोळ्यांनी मोजू शकतं. आपल्याकडे ओवी आणि अभंग अक्षरंच मोजतात, तोच नियम वापरायचा. जोडाक्षर एक धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, पाय मोडलेलं व्यंजन वेगळं मोजायचं नाही. पाऊस ३, चष्मा २, गठ्ठ्याखाली ४.

एक अडचण येणारच. ‘शोधतात’ लिहिताना ४ अक्षरं, बोलताना शोध्-तात्, म्हणजे दोनच झटके. चौकस मूल हे विचारतं आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. त्याला सांगा, अभंग गाताना आपण प्रत्येक अक्षर उच्चारतो, तसं सिजोतही लिहिलेलं अक्षर धरू. मग तीच ओळ ओवीच्या संथ चालीत म्हणून दाखवा, ४ अक्षरं ऐकू येतात. उच्चाराप्रमाणे मोजायचं ठरवलंत तरी हरकत नाही, पण वर्गात एकच नियम ठेवा. दोन्ही चालू ठेवलेत तर पुढचे सगळे तास भांडणात जातील.

आणखी एक सोय व्याकरणाची. कोरियन वाक्यात मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं. सिजोच्या तिसऱ्या ओळीतला शेवटचा ३ अक्षरी तुकडा बहुतेकदा क्रियापदाचाच असतो. इंग्रजीत ही घडी मोडते. तिथे सिजो बरेचदा ६ ओळींत फोडून छापतात. तुमच्या हाती इंग्रजी अनुवाद असेल तर त्यावरून मराठी रचना बेतू नका, तीन लांब ओळींवरच थांबा.

सहावी पायरी: लिहिणं

कागदावर १२ चौकटी आखून द्या, ३ ओळी, ओळीला ४. चौकटीत आकडे लिहा: ३-४-४-४, ३-४-४-४, ३-५-४-३. नाम गुमानच्या सिजोचा साचा हाच, एकूण ४५.

मुलं पहिल्या ओळीपासून लिहायला घेतील. घेऊ द्या, पण तिसरी ओळ तोंडी ठरल्याशिवाय नाही. ‘शेवटी कोणाकडे बघणार?’ याचं उत्तर आधी मागा. समजा, मूल म्हणालं, ‘मामाच्या गावाहून परत येताना त्याच्या गोठ्याची किल्ली माझ्याच खिशात राहिली.’ वळण हाती आलं. आता मागे जाऊन दोन ओळी उभ्या करायच्या. पहिलीत निरोप, दुसरीत गाव मागे पडणं, आणि किल्लीचा उल्लेखही नाही:

एसटी । सुटताना । मामा हात । हलवतो
पुढच्या । वळणाशी । गाव सारं । दिसेनासं
अरेच्चा! । गोठ्याची किल्ली । खिशातच । राहिली!

मोजून बघा, चौकटीत बसतं. दोन ओळी वाचताना वाटतं, निरोपाची उदास कविता आहे. तिसऱ्या ओळीनं बस उलटी फिरवायची वेळ आणली. पहिल्या ओळीत मामा हात हलवतोय तो निरोपाचा की किल्ली मागण्याचा, हेही आता नक्की नाही. पहिल्या ओळीकडे परत बघायला लावणारं वळण मुलाच्या हातून निघालं तर त्या दिवशी आणखी काही शिकवू नका.

तिसऱ्या ओळीचा पहिला ३ अक्षरी तुकडा मुलांना जड जातो. जुन्या कवींनीही इथे ठरावीक शब्द वापरले. युन सॉन्दोचं ‘असू दे’ मूळ कोरियनमध्ये नेमकं ३ अक्षरांचं आहे. ‘अरे पोरा’ अशी हाक आणि ‘अरेरे’ सारखे उद्गारही सारखे दिसतात. मुलांना मराठी साठा करून द्या, भिंतीवर लावा: अरेच्चा, जाऊ दे, बरं का, थांब ना, काय गं, अहाहा. उद्गार नको असेल त्याने सरळ नाम वापरावं: आजीच्या, खिशात, चिमणी.

सातवी पायरी: दुरुस्ती, म्हणजे तात्पर्य काढून टाकणं

मराठी शाळेतल्या मुलांच्या सिजोला एकच रोग होतो आणि तो आपणच लावलेला आहे. गोष्ट संपली की तात्पर्य. समजा, हे आलं:

आजोबा । घरभर । चष्मा रोज । शोधतात
खिशात । देव्हाऱ्यात । पेपराच्या । गठ्ठ्याखाली
म्हणून । वस्तू नेहमी । जागेवर । ठेवाव्या

अक्षरं मोजा, एकही चूक नाही. पहिल्या दोन ओळी तर झकास आहेत, देव्हाऱ्यात चष्मा शोधणारे आजोबा डोळ्यांसमोर येतात. आणि तिसऱ्या ओळीत कविता मेली. मुलाला ‘चुकलं’ म्हणू नका. ‘ही ओळ कोण बोलतंय?’ एवढंच विचारा. ‘बाई,’ असं उत्तर येतं. (‘सर’ही येतं.) मग विचारा, ‘त्या घरात आणखी कोण आहे?’ लगेच सुचणारं उत्तर:

अहो, तो । कपाळावर । बसलाय । हसत!

हे चालेल, पण हा विनोद सगळ्यांनी ऐकलेला आहे. थोडं थांबलात तर कोणीतरी आजीकडे बघतं:

आजीच्या । पदराआड । हसू मात्र । मावेना

चष्मा कुठे आहे ते आता कवितेत नाहीच, तरी वाचणाऱ्याला कळतं. तिन्ही शेवट फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना मत द्यायला लावा. कपाळावरचा चष्मा जिंकला तरी वाईट वाटून घेऊ नका, आठ वर्षांच्या मुलांत तो जिंकतोच.

दुरुस्तीत अक्षरांसाठी कवितेचा गळा दाबू नका. ४ च्या जागी ५ झाले तर सोडा. फक्त तिसऱ्या ओळीच्या पहिल्या ३ अक्षरांशी तडजोड नाही.

लहानग्यांसाठी

५ ते ७ वर्षांच्या मुलांना सिजो लिहायला लावू नका. त्यांच्यासाठी गोर्यो काळाची लोकगीतं आहेत. ‘हिरवा डोंगर’ या गाण्यात कोणीतरी म्हणतं, डोंगरात राहीन, रानद्राक्षं आणि रानफळं खाऊन डोंगरात राहीन. आणि मग धृपद येतं: ‘याल्ली याल्ली याल्लाशॉंग, याल्लारी याल्ला.’ त्याला अर्थ नाही, नाद आहे. मुलांना ते एकदा म्हणून दाखवलं की दिवसभर घरात तेच चालू राहतं. त्यांना फक्त ‘मी राहीन... आणि... खाईन’ एवढं भरायला सांगा, धृपद सगळ्यांनी मिळून. ‘दोंगदोंग’ हे बारा महिन्यांचं गाणं. प्रस्तावना धरून १३ कडवी आणि धृपदात ढोलासारखा बोल: ‘आउ दोंगदोंगदारी.’ महिन्याला एक ओळ, असं वर्गाचं भिंतीवरचं गाणं यातून छान होतं.

गोष्ट हवी असेल तर सोदोंगची सांगा. इर्यॉन या भिक्षूच्या १३व्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात ती आहे. पॅकचे राज्यातला कंद विकणारा एक पोरगा शेजारच्या शिल्ला राज्याच्या राजधानीत जातो, तिथल्या मुलांना कंद वाटतो आणि राजकन्येवर रचलेलं एक गाणं त्यांना म्हणायला शिकवतो. गाणं गल्लीगल्लीतून राजवाड्यात पोचतं आणि मोठा गोंधळ उडतो. ते ४ ओळींचं गाणं ह्यांगा या सिजोहून कितीतरी जुन्या प्रकारातलं. ह्यांगा आज २५ उरले आहेत, त्यातले १४ याच ग्रंथात. गाण्यात राजकन्येच्या चोरट्या भेटीची चहाडी आहे, तेवढा भाग आपल्या बेतानं सांगावा.

मोठ्यांसाठी

बाराच्या पुढच्या मुलांना दोन गोष्टी द्या.

पहिली ह्वांग जिनीचा सिजो. ही १६व्या शतकातली गीसेंग, म्हणजे दरबारी गायिका-कलावंतीण. ती म्हणते: मार्गशीर्षाच्या आसपासच्या लांबच लांब रात्रीचा कमरेचा भाग कापून काढीन, वसंतवाऱ्याच्या रजईखाली वेटोळं करून ठेवीन, आणि तो येईल त्या रात्री उलगडत उलगडत पसरीन. (मूळ महिना त्यांचा चांद्र ११वा, म्हणजे ऐन थंडीतला.) प्रेमकविता आहे, मुलं हसतील, हसू द्या. काम त्यांना वेगळं द्या: हातात धरता येत नाही अशी एक गोष्ट कापडासारखी वागवा. मे महिन्यातली दुपार, परीक्षेआधीची शांतता, आजोळची सकाळ. कापायची, घडी घालायची, जपून ठेवायची आणि तिसऱ्या ओळीत कधी उलगडायची ते सांगायचं.

दुसरी १३९२ ची. गोर्यो राज्य कोसळत होतं. नव्या सत्तेच्या बाजूच्या ई बांगवॉननं जुन्या राजाशी एकनिष्ठ असलेल्या जॉंग मोंगजूचं मन अजमावायला एक सिजो म्हटला, अशी परंपरा आहे: असं झालं काय नि तसं झालं काय, डोंगरावरच्या वेली एकमेकींत गुंतल्या तर बिघडलं काय, आपणही तसेच गुंतून शंभर वर्षं सुखात राहू. जॉंग मोंगजूनं सिजोतच उत्तर दिलं: हा देह मेला, शंभरदा मेला, हाडांची माती झाली, आत्मा उरो न उरो, धन्यावरची निष्ठा ढळेल काय? त्यानंतर गोर्योच्या राजधानीत, गेसॉंगमध्ये, त्याचा खून झाला. ई बांगवॉन पुढे जोसॉनचा तिसरा राजा थेजोंग झाला. मुलांच्या जोड्या लावा आणि तमाशातल्या सवाल-जवाबासारखे सिजो लिहायला सांगा. एकानं आमिष दाखवायचं, दुसऱ्यानं नकार द्यायचा. विषय रोजचे घ्या: गृहपाठ कॉपी करू दे, मोबाइल दे, आज शाळेला दांडी मारू. अट एकच, पहिल्याच्या कवितेतली वस्तू दुसऱ्यानं आपल्या उत्तरात वापरायची. वेल आली तर वेल, मोबाइल आला तर मोबाइल.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक माहिती: शिकागोची सेजोंग कल्चरल सोसायटी शाळकरी मुलांसाठी इंग्रजी सिजोची स्पर्धा घेते. मराठीत आधी लिहून बघितलेल्या मुलांना तिथली तिसरी ओळ सोपी जाईल, असा माझा अंदाज आहे.

म्हणून दाखवताना

मुलांना एकदा खरं गायन ऐकवा. सिजो गायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. गागोक ही वाद्यवृंदासह ५ भागांत गायची, २०१० पासून ती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. सिजोछांग साधी, ३ भागांची. दोन्ही इतक्या संथ की मुलं चुळबुळ करतील. ४५ अक्षरांना अनेक मिनिटं लागतात. म्हणून एकच ओळ ऐकवा आणि एकेका अक्षरावर आवाज किती वेळ टिकतो ते बोटानं हवेत काढायला सांगा.

सिजोछांगमध्ये एक गंमत असते. तिसऱ्या ओळीचा शेवटचा ३ अक्षरी तुकडा गायक गातच नाहीत. आपल्या वर्गातही तसंच करा. प्रत्येक मूल गुडघ्यावर ठेका धरून आपला सिजो म्हणेल आणि शेवटची ३ अक्षरं गाळेल, ती ऐकणाऱ्यांनी भरायची. ‘गोठ्याची किल्ली खिशातच...’ म्हटल्यावर सगळा वर्ग ‘राहिली!’ ओरडला, तर ओळ पक्की आहे. तीन मुलांनी तीन वेगळे शब्द भरले, तर लिहिणाऱ्याला ते तिन्ही वहीच्या समासात टिपून घ्यायला सांगा. त्यातला एखादा त्याच्या मूळ शब्दाहून सरस निघतो, आणि तो घ्यायचा की नाही हे त्यालाच ठरवू द्या.